फर्मचा टीडीएस भागीदाराच्या पॅनवर गेला, उत्पन्न कोणाच्या रिटर्नमध्ये दाखवायचे?

वास्तुरेषा
इंटिरिअर डिझाइनची दोन भागीदारांची फर्म आहे. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या दुसऱ्या तिमाहीत एका कंपनीला ८,४०,००० रुपयांचे बिल दिले, जीएसटी वेगळा. बिल आणि जीएसटी नंबर फर्मचा, पैसेही फर्मच्या खात्यात आले. पण कंपनीने व्यावसायिक सेवांच्या कलम १९४जे खाली टीडीएस (आधीच कापलेला कर) म्हणून कापलेले ८४,००० माझ्या वैयक्तिक पॅनवर दाखवलेत. फर्म होण्याआधीचा पॅन त्यांच्याकडे राहिला असावा. फर्मच्या २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या तक्त्यात) काहीच नाही. त्यांचे अकाउंट्सवाले म्हणतात, चलन भरून झाले, आता बदल होत नाही. मग उत्पन्न माझ्याच रिटर्नमध्ये दाखवून टाकले तर?

चलन२८१
तसे करू नका. उत्पन्न फर्मचे आहे, ते आयटीआर-५ मध्येच, म्हणजे फर्मच्या रिटर्नमध्येच, जाणार. फर्मला सरसकट ३० टक्के कर आणि वर सेस, तुम्हाला स्लॅब. त्यामुळे रक्कम तुमच्याकडे वळवली की फर्मचा कर चुकवल्यासारखे दिसते. शिवाय फर्मच्या जीएसटीआर-३बी (जीएसटीचे विवरण) मधली उलाढाल आणि आयटीआरमधली उलाढाल जुळणार नाही.

"चलन भरले, बदल होत नाही" हे खरे नाही. चलन कंपनीच्या टॅनवर (कर कापणाऱ्याच्या क्रमांकावर) भरले जाते, त्यावर तुमचा पॅन नसतोच. चूक कंपनीच्या २६क्यू या टीडीएसच्या तिमाही विवरणातल्या एका ओळीत आहे. त्यांनी ट्रेसेस या टीडीएसच्या सरकारी पोर्टलवरून त्या तिमाहीची कॉन्सो फाइल (आधी भरलेल्या विवरणाची एकत्रित फाइल) मागवायची, तुमच्या ओळीतली रक्कम शून्य करायची, त्याच चलनाखाली फर्मच्या पॅनची नवी ओळ घालायची आणि सुधारित विवरण भरायचे. नुसता पॅन खोडून दुसरा टाकला तर फाइल अनेकदा परत येते, कारण जुना पॅनही वैधच आहे. मूळ विवरण वेळेत भरले असेल तर रोज २०० रुपयांची २३४ई खालची उशिराची फी सुधारणेला लागत नाही, हेही त्यांना सांगा. निम्मी टाळाटाळ त्या भीतीपोटी असते. नंतर फर्मच्या नावाचा नवा फॉर्म १६ए (टीडीएसचे प्रमाणपत्र) मागून घ्या.

पॅन वैध असल्यामुळेच, पॅन नसल्यास होते ती २० टक्के कपात झाली नाही आणि सिस्टिमने हरकत घेतली नाही. खरे तर बिलावरच उत्तर होते: जीएसटी नंबरातली तिसरी ते बारावी अक्षरे म्हणजे फर्मचा पॅन. पॅनचे चौथे अक्षर व्यक्तीला पी, फर्मला एफ.

ताळेबंद
कंपनीला फोन करत बसू नका, टीडीएसचे श्रेय दुसऱ्याला देण्याच्या नियम ३७बीए(२) खाली लेखी घोषणापत्र द्या. ते फर्मने नव्हे, तुम्ही द्यायचे, कारण त्यांच्या नोंदीत कपात तुमच्या नावावर आहे. इथेच बरेच जण फर्मच्या लेटरहेडवर पत्र देतात आणि ते बाजूला पडते. त्यात फर्मचे नाव, पत्ता, पॅन, कोणत्या रकमेचा टीडीएस आणि श्रेय फर्मला का द्यायचे याचे कारण लिहा. बिल आणि बँक स्टेटमेंटचे पान जोडा. पोच घ्या.

रिटर्नची मुदत आली तरी सुधारणा झाली नाही, तर दोन्हीकडे नोंद करा. फर्मच्या आयटीआर-५ मधल्या टीडीएस तक्त्यात "दुसऱ्या व्यक्तीचा" हा पर्याय निवडून तुमचा पॅन, कंपनीचा टॅन, ८४,००० आणि त्यासमोर ८,४०,००० चे उत्पन्न. तुमच्या आयटीआर-३ मध्ये तीच ओळ घ्या, स्वतःसाठी शून्य आणि दुसऱ्याच्या हाती ८४,०००, सोबत फर्मचा पॅन. एकच बाजू भरली तर श्रेय अडकते.

वास्तुरेषा
माझ्या एआयएसमध्येही (वार्षिक माहिती विवरणात) ही रक्कम दिसते. तिथे काही करायचे?

ताळेबंद
हो, त्या ओळीवर "माहिती दुसऱ्या पॅनची किंवा वर्षाची" असा फीडबॅक द्या. त्याने २६एएस बदलत नाही, पण पुढे तुम्हाला विचारणा झाली तर नोंद राहते.

चलन२८१
एक भर: ८४,००० चा परतावा स्वतःच्या रिटर्नमध्ये चुकूनही मागू नका. नंतर कंपनीने ओळ शून्य केली की तुमच्यावर तेवढीच मागणी व्याजासकट निघू शकते. फर्मच्या १४३(१) मध्ये (रिटर्न प्रोसेस झाल्यावर येणाऱ्या सूचनेत) श्रेय नाकारले, तर कंपनीची सुधारणा २६एएसमध्ये दिसू लागल्यावर पोर्टलवर चूक दुरुस्तीच्या कलम १५४ खाली रिटर्न पुन्हा प्रोसेस करण्याची विनंती टाका. आधी टाकली तर तेच उत्तर परत येते.