फराळ आठ दिवस आधी कुरिअर करा?

सैन्यातल्या जवानाला फराळ पाठवायचा असेल तर 'दिवाळीच्या आठ दिवस आधी कुरिअर केलं की पोचतो,' असं सांगितलं जातं. शहरातल्या छावणीत पोचत असेलही, पण ज्याच्या पत्त्यात शेवटी '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, सैन्याचं टपाल कार्यालय) आहे, तिथे खाजगी कुरिअर जात नाही. टपाल खात्यातूनच पाठवावं लागतं. ५६ ची डाक दिल्लीहून आणि ९९ ची कोलकात्याहून सैन्याच्या डाकसेवेकडे जाते. पत्त्यात गावाचं नाव मुद्दाम नसतं, ते आपणही लिहू नये. माझा भाऊ लडाखमध्ये होता तेव्हा पहिल्या वर्षी आमचा डबा तुळशीच्या लग्नानंतर त्याच्या हातात पडला. पुढच्या वर्षी दसऱ्यालाच पाठवला.

चकल्यांचा चुरा होतो आणि ओल्या नारळाच्या करंज्या टिकत नाहीत. शंकरपाळे मात्र छान पोचतात. साजूक तुपातले बेसनाचे लाडू थंडीने दगड झाले होते, बुखारीजवळ, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीजवळ, ठेवून खाल्ले म्हणाला. डबा एकट्यापुरता कधीच भरू नका, अख्खी बराक वाट बघत असते. आई त्यात भाऊबीजेचं कुंकू आणि अक्षता कागदाच्या पुडीत घालायची. आणि फोन लागलाच तर 'सुट्टी का नाही मिळाली' हे विचारू नका. रांगोळी कुणी काढली, म्हैस व्याली का, हेच त्याला ऐकायचं असतं.