पेपर मिलवाले लाकडापासून कागद सोडून अजून काय काय काढतात?

सिडकोवाला
मंडळी, मागच्या महिन्यात चंद्रपूरकडं लग्नाला गेलो होतो, तिथं एका पेपर मिलजवळून गाडी गेली आणि असला सडक्या अंड्यांचा वास की काचा वर केल्या तरी जाईना. मेव्हणा म्हणे इथं बांबू-निलगिरी शिजवतात. मग शिजवल्यावर सगळ्याचा कागदच होतो का, की उरलेलं नदीत सोडतात? आणि आपल्या नाशिकरोडच्या नोटांचा कागद पण असाच का?

रिटायर्ड_पल्पवाला
सगळ्याचा कुठला राव, जेमतेम निम्म्याचा. लाकडात कागदाच्या कामाचं सेल्युलोज असतं 40-45 टक्के, बाकीच्यात लिग्निन म्हणजे तंतू चिकटवून ठेवणारा डिंकच समजा. लाकडाच्या चिप्स करून कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये 160-170 डिग्रीला शिजवल्या की लिग्निन विरघळतं, खाली राहतो तो पल्प. तुमचा वास त्या सल्फाइडमुळंच, आम्हाला चार दिवसांनी यायचा बंद झाला पण बायको मी घरी आलो की आधी शर्ट बाहेर वाळत टाकायची.
उरलेलं काळं पाणी, ब्लॅक लिकर म्हणतात, ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात, त्यातून वाफ आणि वीज मिळते आणि केमिकल पण परत हाती येतं. सोडून दिलं तर कॉस्टिक विकत घेता घेताच मिल बसेल. परदेशात पाइन शिजवतात तिथं टर्पेंटाइन आणि टॉल ऑइल म्हणजे राळेसारखं तेल पण निघतं. आपल्या रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन मात्र बहुतेक पेट्रोलियमचं असतं, त्यात फसू नका.

साइट_सुपरवायझर
आमच्याकडं काँक्रीटमध्ये पाणी कमी लागावं म्हणून एक ॲडमिक्श्चर यायचं, ड्रम उघडला की काकवीच. ते लाकडाचंच म्हणे, खरं का?

रिटायर्ड_पल्पवाला
खरंय, लिग्नोसल्फोनेट. पण ते मी सांगितलेल्या पद्धतीत निघत नाही, सल्फाइट पद्धत वेगळी, तिच्यातलं. आणि एकदम शुद्ध केलेला पल्प असतो त्याचा व्हिस्कोस म्हणजे रेयॉनचा धागा करतात, नागद्याला मोठा कारखाना आहे, रेयॉनची कुर्ती म्हणजे लाकूडच घातलं अंगात 😄

दिंडोरी_द्राक्षवाला
आम्हाला कागद म्हणजे बॉक्स. एका सीझनला स्वस्तातला घेतला, कोल्ड स्टोरेजमध्ये ओल धरून खालच्या थराचे बॉक्स बसले, वरचा माल दाबला गेला, व्यापाऱ्यानं रेट पाडला तो वेगळाच. नंतर कळलं की रद्दीतला तंतू दरवेळी आखूड होत जातो, म्हणून ताकद हवी तर नव्या पल्पचा क्राफ्ट पेपर लागतो.

मेडिकलवाली_ताई
नोटांचं कुणी सांगितलंच नाही! नाशिकरोडचा प्रेस 1928 पासून आहे पण नोटेचा कागद कापसाचा, लाकडाचा नाही, म्हणून खिशात राहून धुतली तरी नोट वाचते. होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, त्या कागदाची सरकारी मिल आहे, 1968 पासूनची.
आणि लाकूड आपण खातो पण. बऱ्याच गोळ्यांमध्ये मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज असतं, गोळी बांधायला घालतात. टूथपेस्टला दाटपणा देणारा सेल्युलोज गम पण बऱ्याचदा पल्पचाच. पोरांचे डायपर फोडून बघा, आत कापूस वाटतो तो पल्पच असतो.

सिडकोवाला
ताई, आत्ता बेसिनवर जाऊन ट्यूब फिरवून बघितली, चष्मा लावून. आहे, सेल्युलोज गम आहे. आई म्हणते मग कडुनिंबाची काडी काय वाईट होती.