मिनी कूपर एस (एफ५६): दणके कमी करायचे आहेत, सुरुवात कुठून करावी?

पेठकर:
मंडळी, सल्ला हवाय. एफ५६ (मॉडेलचा कंपनी-कोड) कूपर एस, तीन दारांची, २०१७ची, ४२,००० किमी झालेली. टायर कंपनीचेच, २०५/४५ आर१७ (रुंदी २०५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ४५ टक्के, रिम १७ इंची), रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे. डॅशबोर्डवरून मऊ-कडक करता येणारं सस्पेन्शन नाही. वापर रोजचा पुण्यातला, अधूनमधून एक्सप्रेसवे. पेव्हर ब्लॉक आणि डांबराची ठिगळं यांवर गाडी हाडं खिळखिळी करते, आई-बाबा मागे बसायला तयार नसतात. वळणावरची पकड मात्र गमवायची नाही. गॅरेजवाले स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवा म्हणतात. बसवू का?

टॉर्करेंच:
बफर अजिबात नको. रबराचा तो तुकडा दोन वेटोळ्यांमध्ये बसला की ती वेटोळी दबायची थांबतात आणि सगळं काम उरलेल्यांवर येतं. म्हणजे स्प्रिंग मऊ होत नाही, उलट कडक होते. गाडी जराशी उचललेली दिसते, एवढाच फरक. स्प्रिंग कापून घेण्याचंही तेच: वेटोळी कमी झाली की कडकपणा वाढतो, शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही.

आधी दणका कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. ३०-४०च्या वेगात बारीक खडबडीतपणा थेट स्टीअरिंगमध्ये आणि सीटमध्ये येत असेल, तर दोष टायरचा आणि हवेचा. मागे दोघं बसल्यावर स्पीडब्रेकर उतरताना एकच मोठा ‘ठक्’ येत असेल, तर शॉकअप पूर्ण दबून बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आदळतोय. हायवेवर मोठ्या उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलत असेल, तर शॉकअप थकलेत. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार दिसतो. त्यात स्प्रिंगचा हात सगळ्यात कमी, म्हणून पैसे तिथे सगळ्यात शेवटी घाला.

हवा किती भरता? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर टायरच्या मापानुसार आणि माणसांच्या संख्येनुसार वेगळे आकडे आहेत. पंपावर सरसकट ३६-३८ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरून देतात. सकाळी, गाडी चालवायच्या आधी, स्वतःच्या गेजने मोजा. तापमान १० अंशांनी वाढलं की हवा साधारण दीड पीएसआयने चढते, वर चालल्याने टायर तापतो तो वेगळाच. दुपारी मोजून काढाल तर सकाळी कमी भरेल. आणि दणके कमी व्हावेत म्हणून स्टिकरच्या खाली जाऊ नका. ४५च्या टायरमध्ये हवा कमी पडली की खड्ड्यात रिमची कड वाकलीच समजा.

पेठकर:
सकाळी मोजली, चारही चाकांत ३९ निघाली. स्टिकरप्रमाणे केल्यावर फरक जाणवतो, पण पेव्हरवर त्रास आहेच. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे ३४१७ आहेत.

रबरी_माणूस:
३४१७ म्हणजे २०१७चा ३४वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, इतक्या जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं. ते बदलायचेच आहेत, तर हीच संधी साधा.

रन-फ्लॅटची बाजूची भिंत आतून जाड रबराने भरलेली असते, कारण हवा गेल्यावर गाडीचं वजन तिनेच पेलायचं असतं (८० किमीपर्यंत, ८०च्या वेगाने). त्यामुळे हवा असतानाही ती हवी तशी वाकत नाही. वजनही जास्त, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं. पेव्हरच्या प्रत्येक खाचेवर ते उडतं आणि शॉकअपला ते आवरत बसावं लागतं.

माझा सल्ला: १६ इंची रिम आणि १९५/५५ आर१६, साधा टायर. कूपर एसला हे कंपनीचंच माप आहे, स्टिकरवर त्याची ओळ सापडेल. भिंतीची उंची ९२ मिमीवरून १०७ मिमी होते, म्हणजे १५ मिमी जास्त रबर आणि हवा. एकूण व्यास ६१६वरून ६२१ मिमी, स्पीडोमीटरमध्ये पाऊण टक्क्याचा फरक. आपल्याकडे आय-२० आणि बलेनोच्या वरच्या मॉडेलना हेच माप असल्यामुळे गल्लोगल्ली मिळतं. २०५/४५ आर१७ साठी मात्र ऑर्डर देऊन थांबावं लागतं.

घेताना ८७व्ही बघा. ८७ म्हणजे टायरमागे ५४५ किलो, व्ही म्हणजे २४० किमी/तास, या गाडीला दोन्ही पुरतं. एक्सएल (जास्त वजन पेलणारा) लिहिलेला ९१चा टायर शक्यतो टाळा, त्याचा सांगाडा जास्त कडक असतो. नक्षी टुरिंग (आरामदायी प्रवासाच्या) जातीची घ्या. स्पोर्ट टायरची कडक भिंत घेऊन १६वर उतरण्यात अर्थ नाही.

घाटवाट:
थोडा वेगळा मुद्दा. रात्री घरची मंडळी एकटी गाडी नेत असतील, तर रन-फ्लॅट सोडण्याआधी विचार करा. या गाडीत स्टेपनी नाही, तिच्यासाठी जागा नाही आणि रन-फ्लॅटवाल्या गाडीत जॅक-पानाही बहुधा नसतो. साध्या टायरवर गेलात तर १२ व्होल्टचा कंप्रेसर, पंक्चरच्या पट्ट्यांचा संच, सीलंटची बाटली (मुदत बघून), जॅक, १७चा पाना आणि जॅकखाली ठेवायला एक फळी, हे सगळं डिकीत हवंच. आणि लक्षात ठेवा, भिंत फाटली तर पट्टीही चालत नाही आणि सीलंटही नाही, तिथे टोचनच करावं लागतं. ज्यांना ते परवडणार नाही त्यांनी १६ इंचीतच नवा रन-फ्लॅट घ्यावा. फायदा अर्धाच मिळेल, पण मिळेल.

पेठकर:
पट्ट्या आणि कंप्रेसरला हरकत नाही. ओळखीतून आर५६ची (आधीच्या पिढीच्या मिनीची) १६ इंची रिम मिळतायत. चालतील का?

रबरी_माणूस:
नाही. आर५६ला चार बोल्ट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर, म्हणजे ४×१००. एफ५६ला पाच, ५×११२, मधलं भोक ६६.६ मिमी. बोल्ट एम१४×१.२५. ५×११२ स्कोडा-फोक्सवॅगनलाही असतं म्हणून कुणी ती रिम पुढे करेल, पण त्यांचं मधलं भोक ५७.१, हबवर चढणारच नाही. एफ५५ (पाच दारांची)/एफ५६चीच रिम शोधा, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या बाजूचं अंतर) मूळ रिमच्या जवळचा ठेवा. जॉन कूपर वर्क्सवाल्यांनी (मिनीचं जास्त ताकदीचं मॉडेल) हा नाद करू नये, त्यांच्या मोठ्या ब्रेकवर १६ बसत नाही.

जुनी रिम घेताना बॅलन्सिंग मशीनवर फिरवून आतली कड बघा. बाहेरून चकचकीत आणि आतून वाकलेली, असं फार आढळतं, आणि मग ८०-९०ला येणारी थरथर सस्पेन्शनच्या नावावर जाते. रन-फ्लॅट उतरवायला मदतनीस आर्म असलेलं मशीनच हवं. नुसत्या पहारीने ओढला तर आतला हवेचा सेन्सर तुटतो. बसवल्यावर बोल्ट १४० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचनेच आवळा, १०० किमीनंतर पुन्हा तपासा, आणि मेनूमधून टायर प्रेशर रीसेट करा.

टॉर्करेंच:
टायर बदलून महिनाभर चालवा, मगच शॉकअपकडे वळा. तोवर गाडी उचललेली असतानाच एवढं बघून घ्या: शॉकअपच्या अंगावर तेलाची ओल आहे का, बंप स्टॉपचा भुगा झालाय का, पुढच्या कंट्रोल आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश (सांध्यातलं रबर) फाटलाय का. बुश बदलायचा झाला तर मूळ रबराचाच घ्या. पॉलियुरेथेनचा टिकतो जास्त, पण खडबड सगळी आत आणतो. त्याचा बोल्ट शेवटी आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर असताना. लटकत्या चाकावर आवळला की रबर कायमचं पिळलेलं राहतं, राइड कडक होते आणि बुश लवकर फाटतो. ही चूक गॅरेजमध्ये सर्रास होते, समोर उभे राहा.

शॉकअप गेलेच असतील तर बिल्स्टीनचा बी४ हा मूळ स्वभावाचा, बी६ त्याहून कडक, आणि बी८ खाली केलेल्या गाडीसाठीचा. तुम्हाला बी६-बी८ नको. कोनीचा स्पेशल अ‍ॅक्टिव्ह बारीक, भरभर येणाऱ्या हादऱ्यांवर आपोआप सैल पडतो आणि वळणातल्या संथ हालचालीला घट्ट राहतो. तुमचं दुखणं नेमकं त्यावरचंच. मात्र चॅसिस नंबरचे शेवटचे सात आकडे देऊन पार्ट जुळतो का ते आधी बघा. पुढच्या वा मागच्या जोडीतला एकच कधी बदलू नका, टॉप माउंट (शॉकअप वर जिथे बसतो ती रबरी बैठक) आणि बंप स्टॉप सोबतच नवे घाला. वरचा नट न्यूमॅटिक गनने फिरवू देऊ नका. दांडा आत गरागरा फिरतो आणि नव्याकोऱ्या शॉकअपचं सील पहिल्याच दिवशी जातं. काम झाल्यावर अलाइनमेंट.

कोकणकडा:
धागा वाचणाऱ्या आर५३-आर५६वाल्यांसाठी (आधीच्या पिढ्यांच्या मिनी): बॉनेट उघडून पुढच्या टॉवरवर (शॉकअपचं वरचं टोक ज्या पत्र्याला बसतं त्यावर) सरळ पट्टी आडवी ठेवा. पत्रा मधून फुगलेला दिसला किंवा तीन नटांभोवती रंगाला चिरा दिसल्या, तर खड्ड्यांनी टॉवर वर ढकललाय. १७ इंची रन-फ्लॅटवर हे हमखास होतं. पत्रा ठोकून सपाट करून वर जाड पोलादी प्लेट बसवतात, ते काम शॉकअपच्या आधी करा. नाहीतर नवं टॉप माउंट वाकड्या पत्र्यावरच बसेल.

पेठकर:
एफ५५ची १६ इंची चार रिम ठरवली आहेत, आतली कड मशीनवर बघूनच पैसे देईन. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र, कमी-जास्त करता येणारा संच) लावून मऊ क्लिकवर ठेवा असाही सल्ला मिळतोय, त्याचं काय?

टॉर्करेंच:
क्लिकने शॉकअपचा विरोध बदलतो, स्प्रिंगचा कडकपणा नाही. आणि स्वस्त संचातली स्प्रिंग तुमच्या मूळ स्प्रिंगपेक्षा कडकच असते. तिला आवरायला रीबाउंड (स्प्रिंग परत उसळताना शॉकअप करतो तो विरोध) वाढवावा लागतो. तो जास्त झाला की एका खड्ड्यातून चाक पुरतं खाली यायच्या आत दुसरा येतो, गाडी खड्ड्यागणिक खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवरच चालते. त्या पैशात चार टायर आणि बी४ची दोन्ही जोडपी येतील.