मदत हवी आहे: दिव्यांगांच्या पाच सरकारी याद्या, एक तालुका. जुळवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-पेठ पट्ट्यात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी आकडेवारी बघते. नव्या सर्वेक्षणाला पैसे नाहीत. त्यामुळे आहे त्या नोंदींतूनच तालुक्यात कुठल्या प्रकारचं अपंगत्व किती, कुठे वाढतंय, हे काढायचंय. यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), संजय गांधी निराधार योजनेची यादी, शाळांचं यूडायस (विद्यार्थ्यांची सरकारी नोंद), आरबीएसकेच्या तपासण्या (मुलांची सरकारी आरोग्य तपासणी) आणि ग्रामपंचायतींची दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीची यादी, एवढं मिळू शकेल.

पण प्रत्येक यादीचा दिव्यांग वेगळा! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार, २०११ च्या जनगणनेत ८. योजनेला ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, आरबीएसकेत टक्केवारीचा प्रश्नच नाही. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) कायद्यात आहे, पण आमच्याकडे तो पेशंट आरोग्य खात्याच्या वहीत असतो, दिव्यांगांच्या यादीत सहसा नाही.

आधार नंबर मागायचे नाहीत, हे पक्कं. मग उरलं नाव, गाव, जन्मतारीख. पाड्यावर निम्मे गावित, निम्मे पवार, आणि जन्मतारीख गुरुजींनी घातलेली १ जून. घ्या जुळवून!

खरी शंका वेगळीच. प्रमाणपत्र देणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या दिवशी रोजगार बुडवून, एसटीने न्यायला घरात कुणी असेल तोच यादीत येतो. ज्या गावात प्रमाणपत्राचं शिबिर झालं तिथे अपंगत्व 'जास्त' दिसतं. मग मी मोजतेय ते अपंगत्व की प्रमाणपत्र? कुणी असं काम केलंय का?

उत्तर १

ताई, यादी म्हणजे एकूण संख्या असं धरूच नका. दोन याद्यांत समाईक किती ते बघा. समजा एकीत २००, दुसरीत १५०, समाईक ६०, तर अंदाज २०० × १५० ÷ ६० = ५००. मात्र याद्या एकमेकींवर अवलंबून नकोत. निराधार आणि यूडीआयडी दोन्ही प्रमाणपत्रावरच चालतात, त्यामुळे समाईक नावं फुगतात आणि अंदाज कमी येतो. १८ वर्षांखालच्यांसाठी आरबीएसके आणि यूडीआयडी ही जोडी त्यापेक्षा बरी.

शिवाय शिबिर झालेले आणि न झालेले, असे थोडे पाडे निवडून आशाताईंकडून वॉशिंग्टन ग्रुपचे (अपंगत्व मोजण्यासाठी जगभर वापरतात ते) ६ प्रश्न घरोघरी विचारून घ्या. बघणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं, बोलणं-समजणं. 'खूप त्रास होतो' किंवा 'जमतच नाही' म्हणणारे मोजायचे. यादीतून कोण सुटतंय ते तिथेच कळेल. आणि नावं जुळवताना आईचं नाव मिळतंय का बघा, गावितांच्या गर्दीत तेच कामी येतं.