लहान मुलांकडून विश्वास शिकायचा म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (कोपरी, ठाणे): रविवारी घरगुती प्रार्थनेला 4 ते 7 वयाची पाच मुलं आणि आठ मोठे असतात. बायबलमधल्या येशूच्या 'बालकासारखे व्हा' या शिकवणीवर वीस मिनिटं घ्यायची आहेत. निरागसपणा सोडून काय सांगावं?

उत्तर 1: निरागसपणा सोडाच, भावंडांची भांडणं पाहिलेला कोणी तो मानणार नाही! मार्कच्या शुभवर्तमानातलं (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातलं) 10:13-16 वाचा. लोक मुलांना येशूकडे आणतात, पण शिष्य त्यांना अडवतात, कारण त्या काळी मुलाला समाजात मान नव्हता; यावर येशू रागावतो. हाच प्रसंग सांगणाऱ्या लूकच्या शुभवर्तमानात, 18:15 मध्ये तर मूळ ग्रीक शब्द तान्ह्या बाळांचा आहे. तान्हं बाळ काहीच कमावून आणत नाही, फक्त घेतं. देवाचं राज्य असं रिकाम्या हातांनी घ्यायचं, हा मुद्दा. मोठ्यांना इथेच जड जातं.

उत्तर 2: पाच मिनिटं वाचन, दहा मिनिटं प्रश्न, पाच मिनिटं प्रार्थना. 'येशू का रागावला असेल?' असं विचारून मनात दहापर्यंत मोजा. मोठे मधेच उत्तर पुरवतात, सगळं तिथेच बिघडतं. प्रार्थना एकेका वाक्याची ठेवा, आधी मुलं, मग मोठे. मुलाच्या प्रार्थनेला टाळ्या वाजवू नका. पुढच्या रविवारी ते देवाशी नाही, आजीसाठी बोलेल.

उत्तर 3: 1 करिंथ 14:20 (करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेलं पत्र) पण जोडा. पौल म्हणतो, दुष्टपणात तान्हे असा, समजुतीत प्रौढ. म्हणजे मुलांसारखं व्हायचं, पण प्रश्न विचारणं थांबवायचं नाही. तसं मुलं तरी कुठे थांबतात?

प्रश्नकर्ता: दहापर्यंत मोजायचं काम आजोबांना देतो, सगळ्यात आधी तेच बोलतात.