स्ट्रॉबेरीची फळकूज: औषधाची परीक्षा घ्यायची कशी?

सरीवरचा: महाबळेश्वर-पाचगणीकडे दरवर्षी हेच. ढग आले की दुकानदार नवं औषध हातात देतो, आपण अख्ख्या प्लॉटवर मारतो, आठवड्यात कूज कमी झाली की "रिझल्ट भारी". मधे ऊन पडलं त्याचं काय? राखाडी बुरशी फुलातच शिरते, गप्प बसते आणि फळ पिकताना उठते. आज फुलावर मारलेल्याचा निकाल तीन-चार आठवड्यांनी कळणार, थंडीत आणखी उशिरा. न फवारलेला तुकडा शेजारी नसेल तर औषधाला चांगलं म्हणूच नये.

धुकं: ऐन भावात रोपं तशीच सोडायची? तो तुकडा बीजाणूंचा कारखाना होणार, शेजारचा फवारलेला वाफाही सडणार आणि औषध फुकट बदनाम. हे संशोधन केंद्रावर ठीक आहे, दादा.

सरीवरचा: एकर सोडा म्हटलंय का मी? गादीवाफ्यावर पंधरा-वीस रोपांचे तुकडे पाडा, प्रत्येक औषधाला चार, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. उतार असेल तर प्रत्येक औषधाचा एक तुकडा वर, एक खाली यायलाच हवा. खाली दव उशिरा सुकतं. कडेची रोपं मोजायची नाहीत. बीजाणू उडतील, पण सगळ्याच औषधांवर उडतील.

कृषी_विद्यार्थिनी: शेतातली कूज मोजत बसण्यापेक्षा तोड्याला धडधाकट दिसणारी फळं घ्या, न धुता अंड्यांच्या ट्रेमध्ये सुटी ठेवा, एकमेकांना टेकू देऊ नका. घरातच चार-पाच दिवस ठेवली की आत दडलेली बुरशी वर येते. कमी फळांत फरक कळतो.

तोडणीवाला: ताई, माझा माल रात्रीत वाशीला पोचतो. पाचव्या दिवशी ट्रेमध्ये काय झालं याचं मला काय? मी विकलेले किलो आणि औषधाचा खर्च मांडतो. सडकी फळं रोज वेचून बाहेर नेली तर निम्मं काम तिथंच होतं, हे कुठल्या चाचणीत धरता?

कृषी_विद्यार्थिनी: वाशीत पोचतो, खाल्ला जात नाही ना लगेच! पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डबीत, एक फळ केसाळ झालं की परत कुणाचा फोन येतो? वेचणी मात्र सगळ्या तुकड्यांत सारखीच करा, नाहीतर औषधाचं श्रेय मजुराचं निघेल.

धुकं: बरं, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं काय? एकाकडे चालतं, बांधापलीकडे पाणी मारल्यासारखं. बुरशीच दाद देत नाही, आणि अशी बुरशी नर्सरीच्या रोपांबरोबरही येते. तुमच्या चार तुकड्यांचा निकाल माझ्या शेतात खोटा ठरेल.

सरीवरचा: हे मान्य. म्हणूनच एका शेतात मोठी चाचणी करण्यापेक्षा तिघांच्या शेतांत छोटी बरी.

तोडणीवाला: मग नवं औषध कॅप्टन या जुन्या बुरशीनाशकाशी लावून बघा ना. शेतकऱ्याला "काहीच न मारणं" हा पर्यायच नसतो, फुकट तुकडा कशाला वाया घालवायचा?

सरीवरचा: कॅप्टन ठेवाच. पण हंगाम कोरडा गेला तर दोन्हीकडे कूज नाही, आणि दुकानदार म्हणणार दोन्ही औषधं जबरदस्त. न फवारलेल्या तुकड्यातही कूज नसेल तर त्या वर्षी परीक्षा झालीच नाही, वही बंद करायची.