काठी घेतली म्हणून कागद मागता येत नाही
दादा, २००५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ॲरिझोनाच्या सीमेवर बेकायदा घुसणाऱ्यांवर नजर ठेवायला ‘मिनिटमन’ या खासगी गटाचे स्वयंसेवक पहाऱ्याला बसले, तसं आपल्या पोरांनीही बांगलादेश सीमेवर जावं, असं तुम्ही म्हणता. तिथं तर राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच त्याला जाहीर विरोध केला होता.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीकडचा. इकडे आणि मुलचेऱ्यात पूर्व पाकिस्तानातल्या निर्वासितांना सरकारनंच जमिनी देऊन वसवलं. बाजारात मासळी विकणारी मावशी गिऱ्हाइकाशी मराठीत, लेकीशी बंगालीत बोलते. ही हवा गावात आली की पहिला जाब तिलाच विचारतील. धानाचे पुंजणे राखायला पोरांनी रात्री जरूर फिरावं. नागरिकत्व तपासणं त्यांचं काम नाही. सीमेवर बीएसएफ आहे. जवान कमी पडत असतील तर भरती काढा, आमची पोरं रांगेत उभी राहतील.